उजेड न पाहिलेली माती

पाटखेडच्या जुन्या शाळेची जागा आपल्या पथकाकडे आली आहे, हे कळलं तेव्हा रेणुका धोत्रेनं नोकरीत पहिल्यांदा रजेचा अर्ज केला. कारण म्हणून गुडघेदुखी लिहिली. हेमांगी दुसाने मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "आक्का, मागच्या आठवड्यात तुम्ही दहा फुटी खड्ड्यात शिडीशिवाय उतरलात. गुडघे कधीपासून दुखायला लागले?"

रेणुकानं अर्ज मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत जाऊन बसली.

सरकारच्या पायाराखण पथकात तिघंच होते. हेमांगी मॅडम धुळ्याकडच्या, पुरातत्त्व शिकलेल्या, वय चौतीस. इस्माईल तांबोळी खोदाईचं मशीन चालवायचा. आणि रेणुका, वय अठ्ठावन्न. वडाराच्या घरात जन्मलेली, तिच्या मागच्या किती पिढ्यांनी माती खणली ते कुणी मोजलेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०४१ साली, कायदा झाला, की तीन फुटांहून खोल पाया खणायचा तर आधी जमीन वाचून घ्यायची. तेव्हापासून इस्माईल बिनदाती बकेट लावून मातीचा पातळ पापुद्रा काढायचा आणि रेणुका खड्ड्याच्या काठावर उभी राहून त्या पापुद्र्याखालचा रंग बघायची. तिनं हात वर केला, की बकेट असेल तिथं थांबायची. मग कंत्राटदार ओरडो, आमदाराचा फोन येवो, तिचा हात खाली येईपर्यंत मशीन हलायचं नाही.

जमीन वाचायचं काम उन्हाची काडी करायची. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण खणणाऱ्या लोकांनी तिला हेच नाव दिलं आणि तेच टिकलं. बोटाएवढी जाड, मीटर-मीटरचे तुकडे जोडून हवी तितकी लांब करता येणारी पोलादी सळई. ती मातीत ढकलायची आणि दहा मिनिटं थांबायचं. मग पडद्यावर आकडा यायचा, की या थरातल्या मातीनं शेवटचं ऊन केव्हा पाहिलं.

नवीन माणूस आला, की मॅडम त्याला हे समजावून सांगायच्या आणि रेणुका दर वेळी तितक्याच लक्षानं ऐकायची. मातीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे गारगोटीचा चुरा. जमिनीत अगदी सौम्य किरणोत्सर्ग कायम चालू असतो. त्याच्या धक्क्यानं कणाच्या आतले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या बारीक उणिवांमध्ये जाऊन अडकतात. कण जितकी वर्षं अंधारात, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. कणाला ऊन लागलं, की मिनिटभरात सगळे मोकळे होतात आणि पाटी पुन्हा कोरी होते. गाडलेल्या कणावर निळा प्रकाश टाकला, की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना स्वतःचा एक मंद उजेड देतात. तो उजेड मोजायचा, त्यावरून काळ काढायचा. पूर्वी यासाठी मातीचा नमुना अंधारात काढून प्रयोगशाळेत न्यावा लागे आणि उत्तराला महिने लागत. आता सळईच्या टोकातच काळोखी कुपी होती आणि तिच्यातच सगळी प्रयोगशाळा.

या काडीनं मुलखात काय काय उलथापालथ केली, ते सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. पुरातन म्हणून मिरवणारा एक चौथरा छत्तीस वर्षांचा निघाला. एका गावात बांध सरकवल्याचं भांडण काडीनं तासाभरात मिटवलं, पण त्या दोन चुलतभावांच्या घरांतलं जाणंयेणं कायमचं तुटलं. जमीन खोटं बोलत नाही, असं लोक म्हणायला लागले आणि म्हणतानाच जरा दबकायलाही लागले. इस्माईलला मात्र काडीचं भय नव्हतं. त्याला ती एकदा घरी न्यायची होती, सासूबाईंच्या फ्रीजमधल्या कुर्म्यात खुपसायला.

रेणुकाला काडीचं मनापासून कौतुक वाटे. माती बघून तिला जे हातांनी कळायचं, त्याला काडी आकडा देई. सहा वर्षांत दोघींचं एकमत झालं नाही असं एकदाही घडलं नव्हतं.

पाटखेड सीना नदीच्या काठावर आहे. तिथली जुनी शाळा पाडून माता-बाल रुग्णालय व्हायचं होतं. शाळा २००६ साली बांधली होती आणि तिचा पाया रेणुकाच्या बापानं, हणमंत धोत्रेनं खणला होता. त्या काळी आसपासच्या वीस गावांत हणमंत मिस्त्रीची दोरी म्हणजे शेवटचा शब्द होता. त्याच्या पायाला काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायची कुणाला गरज वाटत नसे. आणि त्याच हणमंतानं शाळेचा ईशान्येचा कोपरा दोन हात आत खणला. सरळ आलेली भिंत कोपऱ्याशी येऊन एकदम मुरडली होती. ठेकेदार चार दिवसांनी आला तोवर दगडकाम वर आलेलं. त्यानं सगळ्या गावासमोर हणमंताला विचारलं, की हे काय खणलंस. हणमंतानं मान खाली घातली. त्याआधीच्या तीन रात्री तो घरी आला नव्हता, पहाटे चिखलानं भरून यायचा. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. पिऊन खणलं, असं ठरलं. मुरडलेल्या कोपऱ्यातल्या खोलीला पोरं वाकडा वर्ग म्हणायला लागली आणि हणमंताला तिरपा मिस्त्री. त्याला पुन्हा कुणी दोरी धरू दिली नाही. उरलेलं आयुष्य तो दुसऱ्यांच्या हाताखाली पाट्या टाकत राहिला.

तेव्हा रेणुका सतरा वर्षांची होती. बापाच्या टोळीत काम करायची आणि त्याचा तिला फार अभिमान होता. म्हणूनच राग मोठा आला. तुमच्या हाताखाली मी यापुढं काम करणार नाही, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्या टोळीत गेली. बापानं अडवलं नाही. पुढं बत्तीस वर्षं दोघं कामापुरतं बोलली. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही ती दुसऱ्या जिल्ह्यात कुणाच्या तरी पायाच्या काठावर उभी होती.

आता शाळा पाडून झाली होती आणि राडारोडाही उचलला गेला होता. उघड्या जमिनीवर जुन्या पायाची रेघ स्पष्ट दिसत होती, आणि ईशान्येला तिची ती मुरड. नव्या इमारतीचा सगळ्यात खोल खांब बरोबर तिथंच यायचा होता.

मॅडमनी मुरडीच्या बाहेर, जिथं शाळेचा फरसबंद ओटा होता तिथं, काडी घातली. पहिल्या तीन फुटांत एक्केचाळीस वर्षं असा आकडा आला. तो शाळेच्या बांधकामाचा भराव. त्याखाली आकडा एकदम एकतीसशे वर्षांवर गेला आणि तिथून खाली सरळ वाढत राहिला. पिवळा गाळ, मग बारीक वाळू. राख नाही, कोळसा नाही. नदीनं कधीकाळी आणून टाकलेली स्वच्छ माती.

"तीन फुटांखाली कुणाचा हात लागलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "इस्माईलभाई, घ्या खाली."

इस्माईलनं तीन फूट भराव काढला आणि पिवळ्या मातीवर बकेट टेकवली. पहिला पापुद्रा निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला रेणुकाचा हात वर गेला.

मशीन थांबलं. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग रेणुकाकडे. रंग बदललेला नव्हता. इस्माईल केबिनमधून वाकून म्हणाला, की आक्कांचा हात झोपेत गेला काय वर.

रेणुका खड्ड्यात उतरली. बकेटनं कापलेल्या मातीच्या उभ्या बाजूवर तिनं तळवा ठेवला आणि हळूच खाली नेला. दर वीतभर अंतरावर एक आडवी, केसाएवढी रेघ बोटांना लागत होती. डोळ्यांना ती दिसतही नव्हती. नदीचा गाळ बसतो तेव्हा त्यात अशा सारख्या अंतराच्या रेघा नसतात. वीतभर माती घालायची, पाणी शिंपडायचं, धुम्मसानं ठोकायची, मग पुढची वीत. असं भरलं की अशी रेघ उरते. तिनं स्वतः हजार वेळा असं भरलं होतं.

"मॅडम, ही माती बसलेली नाही. ही ठोकलेली आहे."

"आक्का, एकतीसशे वर्षं हिनं ऊन पाहिलेलं नाही. काडी सांगते आहे."

"काडी खोटं सांगत नसेल. पण ठोकलेली आहे."

मॅडमनी आणखी दोन ठिकाणी काडी घातली. आकडे तेच. बाहेर रुग्णालयाचे लोक घड्याळ बघत होते. नियमाप्रमाणं आकडा स्वच्छ असला, की मशीन थांबवायचा अधिकार पथकाला नव्हता. तरी मॅडमनी त्या लोकांना सांगून टाकलं, की आज मशीन चालणार नाही, जबाबदारी माझी. रेणुकाकडे वळून एवढंच म्हणाल्या, की सहा वर्षांत तुमचा हात उगाच वर गेलेला मी पाहिलेला नाही.

खुरपी आणि कुंचला घेऊन रेणुका कामाला बसली. दीड वीत खाली माती खारट-पांढरी दिसायला लागली. तिनं बोटावर घेऊन जिभेला लावली. मॅडम म्हणाल्या, इकडं बऱ्याच जमिनी खारवट असतात. पण रेणुकाच्या बोटांत हरभऱ्याएवढा एक खडा आला होता, आणि जमिनीतला खार असा खड्यांनी येत नाही.

दुपारनंतर मातीतून तांबूस खापराचा एक गोल फुगवटा वर आला. मग दुसरा. दोन मडकी आडवी झोपवलेली, तोंडाला तोंड लावून. मॅडमना पुढं काय दिसणार ते तेव्हाच कळलं होतं. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. तीन हजार वर्षांपूर्वी इकडच्या वस्त्यांत तान्हं मूल गेलं, की त्याला अशा दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरायचे, असं त्यांनी सांगितलं. आईच्या पायांखालीच राहायचं लेकरू. इस्माईल केबिनमधून उतरला, डोक्यावरची टोपी त्यानं सारखी केली आणि न सांगता मशीनचं इंजिन बंद केलं.

मॅडमचे डोळे चमकत होते. अशी दफनं पूर्वी सापडली होती, पण बहुतेक नांगरानं फुटलेली, कुणीतरी उचकलेली. हे काडीनं तपासलेलं होतं. "पुरलं त्या दिवसापासून कुणाचाही हात लागला नाही, असं पुराव्यानिशी सांगता येणारं हे पहिलं," त्या म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं सोलापूरच्या कचेरीत फोन करून त्यांनी तसं कळवलंही.

रेणुका मात्र मडक्याच्या एका बाजूकडे बघत होती. तिथं मुठीएवढं भोक पडलेलं होतं आणि त्याच खापराचे चार तुकडे जुळवून, ओल्या मातीनं लिंपून ते पुन्हा बुजवलेलं होतं. भोकाच्या कडेला एक टोकदार, खोल चरा होता. टिकावाचं टोक. ज्यानं मडकं पुरलं त्याच्याकडे लोखंडाचा टिकाव कुठून येणार.

आणि मडक्यांच्या पोटाखाली, जिथं ओटा आणि खापर दोघांच्या आडोशानं पाणी पोचलं नव्हतं, तिथं मिठाचे खडे ओंजळभर तसेच पडून होते.

रेणुकानं आयुष्यात तीन तान्ही लेकरं पुरताना पाहिली होती. त्यातलं एक तिचं. दर वेळी माती लोटायच्या आधी मीठ घालायचे. ते का घालतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण मीठ न घालता लेकराला मातीआड करायचं नाही, एवढं तिच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिच्या बापालाही.

तिनं खुरपी खाली ठेवली. आता तिच्यापुढं दोन वाटा होत्या आणि दोन्ही सरळ नव्हत्या. गप्प बसली, तर मॅडमचा शोध अस्पर्शित म्हणून जगभर जाईल आणि बाप तिरपा मिस्त्री म्हणूनच राहील. बोलली, तर मॅडमचा शोध उणा होईल आणि बापाचं नाव लागेल ते छेडछाडीच्या रकान्यात. पथकाच्या नोंदीत थराला तीनच जाती होत्या: नैसर्गिक, मानवी आणि छेडछाड. छेडछाडीपुढं नाव आलं, की ते चोरांच्या यादीत जातं, हे तिनं सहा वर्षं पाहिलं होतं. पिऊन वाकडं खणणारा बरा, का मढं उकरणारा, असा तो प्रश्न होता.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "याला हात लागलेला आहे. आणि मला वाटतं, तो माझ्या बापाचा आहे."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग थोडा कडक. ती माती वर काढली असती तर तिला ऊन लागलं असतं आणि आकडा एक्केचाळीसच यायला हवा होता, असं त्या म्हणाल्या. रेणुकानं फक्त विचारलं, की रात्री काढली असेल तर?

मॅडमनी हातातल्या काडीकडे पाहिलं. काडी उन्हाची वेळ सांगते. अंधारात कुणी काय केलं, ते तिला कसं कळणार. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता, कारण अंधारात खणणारा माणूस चोर असतो आणि चोर माती जशी येईल तशी लोटून पळतो. थर एकमेकांत मिसळतात, काडीला लगेच कळतं. इथं प्रत्येक थर आपल्या जागी होता. पिवळी वर, वाळू खाली.

"पाया खणणारा तसंच भरतो," रेणुका म्हणाली. "निघाली त्याच्या उलट क्रमानं घातली नाही, तर जमीन पुढं बसते. तीन फुटांवर टिकावाखाली पोकळ वाजलं असणार, म्हणून त्याखालचं रात्रीच खणलं. दिवसा उघड्यावर ढीग दिसू नये म्हणून प्रत्येक थर वेगळ्या पोत्यांत भरून ठेवला असणार. तीन रात्री लागल्या असणार."

तीन हा आकडा तिच्या तोंडून आपोआप आला. बाप घरी आला नव्हता त्या रात्रीही तीनच.

मॅडमनी ताडपत्रीच्या अंधारात ढिगातले सगळ्यात आतले, उजेड न लागलेले मिठाचे खडे काळ्या डबीत घेतले. नुसत्या तर्कावर मी नोंद बदलू शकत नाही, असं म्हणाल्या. पण मीठसुद्धा स्फटिकच आहे. गारगोटीसारखंच तेही उजेडाची खूण धरून ठेवतं, उलट जास्तच चांगली. मिठागरात ते उन्हात वाळतं, दुकानात, घरात उजेडात असतं. त्याचा अंधार सुरू होतो तो गाडलं तेव्हापासून. काडी मीठ मोजायला बनवलेली नव्हती, तिला ते शिकवावं लागणार होतं. मॅडमनी इस्माईलला गावातून खड्या मिठाची पुडी आणायला पाठवलं, तुलनेसाठी.

संध्याकाळी रेणुका वडारवाडीत आईकडे गेली. अव्वा एकोणऐंशीची होती, ऐकू नीट यायचं, गुडघे मात्र खरोखरच दुखायचे. लेक सोलापूरला बोलवायची आणि ती दर वेळी तेच सांगायची, की तुझ्या तिसऱ्या मजल्यावर माती कुठं आहे. रेणुकानं चहा टाकला आणि शाळेचा पाया खणला त्या वर्षाबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. अव्वानं तोंड फिरवलं. ते कशाला काढतीस, म्हणाली. रेणुकानं विचारलं, त्या दिवसांत घरातून काही गेलं होतं का.

"मीठ," अव्वा पटकन म्हणाली. "वाळवणाला आणलेलं खडा मीठ. पिशवीच्या पिशवी गेली. त्या साली सांडगं झालं न्हाईत आपल्यात. मी म्हणलं, विकून प्याला असंल."

"दारूचा वास यायचा अप्पांना?"

अव्वा चहाच्या कपात बघत राहिली.

"न्हाई. वास न्हवता. मला ठावं व्हतं न्हवता त्ये. पर शुद्धीतला माणूस आसलं वाकडं खणतो व्हय गं? समदी म्हणली प्याला, मग मीबी म्हणलं. त्येनं एका शब्दानं न्हाई म्हणलं न्हाई."

रेणुकानं तिला काही सांगितलं नाही. अजून सांगण्यासारखं हातात काही नव्हतं. पण घरी परतताना तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. पाटखेडात जमिनीत मडकं सापडलं म्हटलं असतं, तर रात्रीतून गुप्तधनवाले कुदळी घेऊन आले असते. त्यांनी दोन्ही मडकी फोडली असती आणि आतलं नदीत फेकलं असतं. ठेकेदाराला सांगितलं असतं, तर त्यानं तेच दिवसा केलं असतं. भिंत वळवायची तर वळवण्याला कारण सांगावं लागणार, आणि खरं कारण सांगायचं नाही. दारुड्याला मात्र कुणी कारण विचारत नाही. तिच्या बापानं पाया वळवला आणि वर ते कारणही स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. बायकोला नाही सांगितलं, लेकीला नाही सांगितलं. लेक तोंडावर टाकून बोलली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम गाडीतून खाली उतरल्या. रात्रभर जागल्याचं डोळ्यांवर दिसत होतं. मिठाचा आकडा त्यांनी कागदावर लिहून आणला होता: एक्केचाळीस वर्षं, दोन वर्षं इकडं किंवा तिकडं. तीन वेगवेगळ्या खड्यांचा तोच आकडा.

रेणुकानं मान हलवली. मग तिनं अव्वाच्या पिशवीची गोष्ट सांगितली. मॅडम खड्ड्याच्या काठावर बसल्या, पाय आत सोडून, लहान मुलीसारख्या.

"मला या कामाची पदवी आहे," त्या म्हणाल्या. "उघडलेलं दफन पुन्हा कसं झाकावं, यावर मी परीक्षा दिली आहे. दिव्याच्या उजेडात, चार माणसं हाताशी घेऊन, मोजपट्टी लावूनही मला असं भरता आलं नसतं. तुमच्या वडिलांनी ते काळोखात, नुसत्या हातांनी केलं. उन्हाच्या काडीला फसवणारा मुलखात हा एकच माणूस निघाला, आणि त्याला फसवायचं नव्हतंच कुणाला."

"मला फसवलं की," रेणुका म्हणाली. हसायचा प्रयत्न केला, तो नीट जमला नाही.

राहिली नोंद. मॅडमनी पडदा उघडला. सोलापूरच्या साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला होता. अस्पर्शित म्हणून कळवलेलं आता मागं घ्यायचं, याचा त्यांना राग आला होता. छेडछाड लिहून नाव टाका आणि विषय संपवा, असा त्यांचा निरोप होता. मॅडमनी थर निवडला आणि जातीच्या रकान्यावर बोट थांबवलं. रेणुका शेजारी उभी होती. लिहा मॅडम, जे असेल ते लिहा, पण नाव टाळू नका, असं ती म्हणाली. तिनं रात्रीच तसं ठरवलं होतं.

मॅडमनी मानवी हा शब्द दाबला. पुढं वर्णनाची जागा होती. तिथं त्या सावकाश लिहीत गेल्या आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेल्या.

"दफन पहिलं. काळ, सुमारे एकतीसशे वर्षांपूर्वी. करणारे, अज्ञात. दफन दुसरं, त्याच बालकाचं. काळ, सन दोन हजार सहा. पुरावा, फुटलेलं मडकं जुळवून लिंपलेलं, मीठ घातलेलं, माती क्रमानं भरलेली, पायाची रेघ दोन हात वळवलेली. करणारे, हणमंत यल्लप्पा धोत्रे, पाया मिस्त्री, पाटखेड."

मग त्यांनी पडदा रेणुकाकडे फिरवला आणि नावाचं शुद्धलेखन बरोबर आहे का ते बघायला सांगितलं. रेणुकानं बापाच्या नावावरून बोट फिरवलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. बरोबर आहे, म्हणाली. मॅडमनी नोंद पाठवून दिली.

साहेबांचा तिसरा फोन आला. मॅडमनी तो उचलला, शांतपणे सगळा पुरावा सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, की सर, चोर मीठ घालत नाहीत. मग साहेबांनी एवढंच विचारलं, की खांब सरकवता येईल का. येणार होता. रुग्णालयाच्या नकाशावाल्यांनी सकाळीच तसं कळवलं होतं. मडकी होती तिथंच राहतील, असं ठरलं.

झाकायच्या आधी रेणुकानं इस्माईलला गाडी घेऊन वडारवाडीत पाठवलं. अव्वा यायला तयार नव्हती, आसलं काय बघायचं म्हणत होती. शेवटी इस्माईलनं तिला काय सांगितलं कोण जाणे, तासाभरानं ती त्याच्या दंडाला धरून खड्ड्याच्या काठाशी आली. वाटेत रिकामटेकडे चारपाच गावकरी मागं लागले होते, तेही आले.

रेणुकानं तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. मुद्दाम जरा मोठ्या आवाजात, मागच्यांना ऐकू जाईल असं. मडकी दाखवली, लिंपलेलं भोक दाखवलं, वीतवीतभर ठोकलेली माती दाखवली. तीन रात्री अप्पा कुठं होते ते सांगितलं. मागच्यांतल्या पन्नाशीच्या एका माणसानं, जो वाकड्या वर्गात शिकला होता, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

अव्वा वाकून मडक्यांच्या खालच्या त्या पांढऱ्या ओंजळीकडे बघत होती. मग ती खड्ड्याकडे बघूनच बोलली, समोर माणूस उभा असल्यासारखी, आणि तिच्या आवाजात एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं भांडण जसंच्या तसं होतं, फक्त त्यातली धार गेली होती.

"समदी पिशवी वतलीस व्हय रं? आरं, सांग की मला. मी आनखी आनलं असतं."